सिस्टीम घेत नाही

ही गोष्ट मी आजवर कोणापाशीच काढलेली नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलापाशी नाही — देवापाशीसुद्धा नाही. देवाला आधीच माहीत असणार, मग कशाला सांगा, असं म्हणून मी ते परस्पर मिटवून टाकलं. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर सगळं वाचून झाल्यावर ओळख ठेवायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

मी तशी फटकळ बाई. देवळाली कॅम्पात कोणालाही विचारा — म्हणजे विचारू नका, पण विचारलंत तर सांगतील की सुलभाताई तोंडावर बोलते, पोटात ठेवत नाही. भाजीवाल्यापासून सुनेपर्यंत सगळे मला वचकून असतात. आणि मला त्याचा केवढा तोरा होता! आपण खरं बोलतो, कोणाची भीड ठेवत नाही. आता हसू येतं. जी बाई इतकी वर्षं एका खोट्याला — पण थांबा. एकदम तिथे जायला पाय उचलत नाही. आधी कुंदाचं सांगते.

कुंदा आणि मी एका बाकावरच्या. ती शेजारच्या लहवित गावची. वडील फुलं लावायचे, झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. पहाटे वडिलांबरोबर गाडीतून फुलांच्या पाट्या उतरवून ती तशीच शाळेत यायची. तिच्या दप्तराला वर्षभर झेंडूचा वास असायचा, आणि तिच्यामुळे माझ्या वह्यांनाही. मधल्या सुट्टीत आम्ही मैदानाच्या कडेला उन्हात बसायचो. डिसेंबरात कॅम्पात थंडी कसली पडायची! पेरूला तिखटमीठ लावून खायचं आणि थंडीनं नाक गळतंय की तिखटानं, ते कळायचं नाही. तोफखान्याचा सराव चालू असला की शाळेच्या काचा खडखडायच्या. बाई वाक्य अर्धं सोडून थांबायच्या, आणि तेवढ्यात कुंदा ते वाक्य भलतंच काहीतरी करून माझ्या कानात पुरं करायची. मग मला हसू, आणि हसल्याबद्दल शिक्षाही मलाच. तिला कधीच नाही. ती अगदी गरीब गायीचा चेहरा करून बसायची.

शाळा सुटल्यावर स्टेशनाच्या कठड्याला टेकून आम्ही पॅसेंजर बघायचो. कुठे जायचं नसायचंच. नुसती गाडी बघायची. बेकरीतून चार आण्यांची नानकटाई घ्यायची आणि अर्धी अर्धी करायची. मोठा तुकडा ती मला द्यायची. खरंच द्यायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

सगळ्यांना कुंदा आवडायची. तिचा गळा गोड, अक्षर सुरेख, हसली की बाईंनाही हसू फुटायचं. गणितात पहिला नंबर माझा, पण मला लोक विचारायचे ते, 'तू कुंदाची मैत्रीण ना?' असं. मला राग यायचा का? तेव्हा नाही वाटलं. राग असा थोडाच सांगून येतो?

पुढे तिचं लग्न कॅम्पातल्याच एका टेलरशी झालं. बाजारात त्याचं छोटं दुकान होतं, सगळं फौजी काम. गणवेश आखूड करणं, छातीवरच्या नावाच्या पट्ट्या भरणं, बाहीवरच्या फिती लावणं. कुंदा त्याच्याशेजारी बसून शिकली. मी बी.कॉम. केलं आणि बाजारातल्याच एका पतसंस्थेत चिकटले. संध्याकाळी घरी जाताना रोज तिच्या दुकानाच्या पायरीवर दोन मिनिटं बसायचं, एवढी आमची मैत्री उरली होती. पण ती दोन मिनिटं किती छान असायची म्हणून सांगू! नव्यानं बदलून आलेल्या जवानांच्या बायका तिथे यायच्या — कोणी पंजाबची, कोणी केरळची — आणि कुंदा सगळ्यांशी आपल्या लहवितच्या हिंदीत बोलायची. त्यांना कळायचं, हे विशेष.

कुंदाची मुलगी मनीषा चौथीत असताना कुंदाचा नवरा गेला. पंधरा दिवसांत तिनं दुकान पुन्हा उघडलं.

आता आमच्या पतसंस्थेचं सांगते. तिथे कर्ज द्यायची एक रीत होती. मॅनेजर होते काका, साऱ्या बाजाराचे काका. कर्जाला कोणी आलं की काका त्याला समोर बसवायचे, घरची चौकशी करायचे. मुलांची शाळा, सासूचं दुखणं, कुठल्या गावचे, कोणाचे कोण. कागद नंतर. आणि बोलता बोलता शिपायाकडे नुसतं बघायचे. मग आतून एक तर चहा यायचा, नाहीतर पाणी. चहा आला म्हणजे कर्ज झालं. पाणी आलं म्हणजे पाणी प्या आणि घरी जा. तोंडानं 'नाही' म्हणायची वेळच यायची नाही. बाजारात ते बोलणंच होऊन बसलं होतं. कोणी आमच्या दारातून बाहेर पडलं की पानवाला ओरडायचा, 'काय शेठ, चहा का पाणी?'

आज आठवलं की गोड वाटतं. पण गोडगोड करून सांगणार नाही. काकांचा चहा काही सगळ्यांना सारखा नव्हता. नुसतं आडनाव ऐकून पाणी मागवलेलं मी पाहिलं आहे. सुरगाण्याकडून कामाला आलेली, कॅम्पात खोली करून राहिलेली आदिवासी माणसं — त्यांना तर बाकावर बसवून ठेवायचे आणि पाणीसुद्धा विसरायचे. फक्त एक होतं, काकांशी भांडता यायचं. पाणी मिळालेली एक भाजीवाली रोज येऊन समोर बसायला लागली. टोपली घेऊनच यायची. मेथीच्या वासानं ऑफिस भरून जायचं. शेवटी काकांनी वैतागून चहा मागवला. तिनं कर्ज वेळेत फेडलं, आणि काका पुढे सगळ्यांना सांगत सुटले की माझी माणसाची पारख कधी चुकत नाही!

काका निवृत्त झाले. नवे संचालक आले, पुण्याहून सॉफ्टवेअर आलं. माणसाची माहिती भरायची, धंदा, उत्पन्न, मालमत्ता, जामीनदार, आणि बटण दाबायचं. पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल यायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल. हिरवा म्हणजे द्या. लाल म्हणजे देऊ नका. पिवळ्याचं — पिवळ्याचं नंतर सांगते.

आणि त्याच सुमाराला आमच्या सगळ्यांच्या तोंडी ते वाक्य बसलं. सिस्टीम घेत नाही. तुम्हीही ऐकलं असेल, कुठल्या ना कुठल्या खिडकीवर. काय सोय झाली आमची! काकांना लोक बोल लावायचे, शिव्या घालायचे, त्यांच्या घरी जाऊन बसायचे. आता कोणाच्या घरी जाणार? मशीनला ना सासू, ना आडनाव, ना डोळ्यांत पाणी आलं तर वितळायची भीती. समोरचा माणूस काचेपलीकडून विचारायचा, 'मॅडम, पण का?' आणि आम्ही हात वर करायचो. महिनाभरात लोकांनी 'का' विचारणंच सोडलं. नाही म्हणणारा कोणी उरलाच नाही, तर भांडणार कोणाशी? मी तोवर कर्ज विभागाची प्रमुख झाले होते. काचेची केबिन, फिरती खुर्ची. ते वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणत असेन! आणि दर वेळी थोडी हळहळ मिसळून म्हणायचे, म्हणजे लोकांना वाटावं, बाई बिचारी चांगली आहे.

त्या दिवसांत नाशिकच्या बाजारात कॉम्प्युटरवर भरतकाम करणारं मशीन आलं. कुंदा एक नाव भरेपर्यंत ते डझनभर नावं काढायचं. तिची गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे जायला लागली. मोठी कामं तर गेलीच. पण कुंदा रडत बसणारी नव्हती. दुपारी दुकानाला कुलूप लावून ती बसनं नाशिकला जायची आणि ओळखीच्या एका बाईकडे ते मशीन चालवायला शिकून आली. मग एक दिवस पायरीवर मला म्हणाली, "सुले, मी पण घेते मशीन. तुमच्याकडं अर्ज टाकते."

मी म्हणाले, "टाक की."

ती आली त्या दिवशी तिनं इस्त्रीची साडी नेसली होती, केसांत शेवंतीचं एक फूल होतं. मला हसू आलं. माझ्यासमोर बसायला एवढा थाट कशाला? पण ती पदर सावरून बसली, आणि बोलताना मला एकदा 'मॅडम' म्हणून गेली. गंमत म्हणून की काय कोण जाणे.

मी सवयीनं चहा सांगितला. मैत्रीण आली आहे, चहा नको का? मला काकांची रीत आठवलीही नाही. कप समोर आला आणि कुंदाचे डोळे भरले. "झालं का गं?" ती म्हणाली.

"अगं वेडे, अजून बटणसुद्धा दाबलं नाही."

मग ती हसली. तेच ते शाळेतलं हसू. चहा प्यायला लागली. मी माहिती भरली. दुकान भाड्याचं, मालमत्ता नाही, उत्पन्न घसरत चाललेलं. बटण दाबलं. पडद्याची पाठ तिच्याकडे होती. कोपऱ्यात गोल आला, आणि मी जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"कुंदे, सिस्टीम घेत नाही गं," मी म्हणाले.

तिनं कप खाली ठेवला. "लाल आला?"

"हो."

लाल आला नव्हता.

पिवळा आला होता. आता पिवळ्याचं सांगते. पिवळा म्हणजे मशीन म्हणतंय, मला कळत नाही, तुम्ही माणसं ठरवा. खाली एक चौकट उघडायची. तिथे अधिकाऱ्यानं दोन ओळी लिहायच्या, या व्यक्तीला मी ओळखते, कर्ज द्यावं असं माझं मत आहे, आणि खाली स्वतःचं नाव. एवढंच. दोन ओळी! कुंदाबद्दल मला दोन ओळी सुचल्या नसत्या?

पण पिवळ्याखाली नाव घालायला आमच्यात कोणी तयार नसायचं. ते कर्ज थकलं तर चौकशीत पहिलं नाव आपलं. म्हणून पिवळा आला की आम्ही सगळेच लोकांना लाल सांगायचो. ऑफिसात कधी त्यावर बोलणं झालं नाही, पण सगळे तसंच करायचे. माझी बढती तोंडावर आली होती. मुलाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं. नाव घालायची भीती वाटली — हे खरं आहे. तुम्ही कदाचित म्हणाल, एवढंच ना? नोकरीत होतं असं.

एवढंच नाही. एवढंच असतं तर मी कधीच कोणाला तरी सांगून मोकळी झाले असते.

ती समोर बसली होती, डोळ्यांत पाणी, हात मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा कुंदा माझ्याकडे काही मागायला आली होती. आणि तिला काय मिळणार, काय नाही, हे माझ्या बोटाखाली होतं. मला ते आवडलं. कसं सांगू — आत कुठेतरी थंडगार बरं वाटलं. तो रंग कुंदाला दिसत नव्हता, मला दिसत होता. बाईंच्या लाडक्या कुंदाला आता माझ्या तोंडाकडे बघावं लागत होतं. मैत्रीण होती माझी. तरी बरं वाटलं. मी माणूस म्हणून काय आहे, ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी लगेच त्याच्यावर झाकण घातलं.

मग मी उठून तिच्या बाजूला गेले, तिचे खांदे धरले आणि दोघी मिळून आम्ही मशीनला शिव्या घातल्या. मी जास्त घातल्या. जळो मेलं ते कॉम्प्युटर, माणूस कळत नाही त्याला, काका असते तर — असं सगळं. कुंदानं डोळे पुसले आणि उलट माझीच समजूत काढली. "तू काय करणार? तुझ्या हातात असतं तर तू दिलंच असतं."

मी मान हलवली.

पुढच्या महिन्यात एका जमीनवाल्याचा मुलगा आला. भरतकाम कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. कोणी मित्रानं सांगितलं होतं की यात पैसा आहे. वडिलांची द्राक्षबाग, हमरस्त्याला प्लॉट. मी बटण दाबलं आणि लगेच हिरवा. मशीननं त्याला विचारलं नाही की बाबा रे, तुला सुई ओवता येते का? प्लॉट दिसला, झालं. त्यानं तीन मशिनं घेतली, कॅम्पातच. दिवाळीला आमच्या ऑफिसात मनुका-बदामांचे डबे पाठवले. माझ्या नावाचा डबा मोठा होता आणि तो मी घरी नेला.

वर्षभरात कुंदाचं दुकान बंद झालं. ती त्याच्याकडेच रोजावर लागली. मशीनमधून निघालेल्या पट्ट्यांचे धागे कापायचे, घड्या घालायच्या. चार पैसे मिळायचे. मी वाटेत भेटले की ती मला त्या मशीनचं कौतुक सांगायची. कौतुक! "लय भारी हाय गं सुले. एक टाका चुकत नाय. हजार नावं काढ, हजारच्या हजार बरोबर." आणि मग एकदा म्हणाली, "मग तुमच्या मशीननं माझ्याबद्दल सांगितलं ते पण बरोबरच असंल. माझ्यातच काय तरी खोट असंल, मला दिसत नसंल."

तिच्या लेखी दोन्ही मशीनच. एक नावं भरायचं आणि एक माणसं पारखायचं. एक चुकत नाही, तर दुसरं कशाला चुकेल? मी काय बोलले? मी म्हणाले, "काही खोट नाही गं तुझ्यात, मनाला लावून घेऊ नकोस." तिला वाटलं, मैत्रीण धीर देतेय.

त्यानंतर तिनं कुठेही काही मागितलं नाही. बचत गटातल्या बायका म्हणायच्या, आपल्याकडून घे, तर नको म्हणायची. माझं नाव लाल आहे, उगाच तुमच्या गटाला लागेल. जणू काही तो रोगच होता, आणि इतरांना लागू नये म्हणून ही बिचारी जपत होती. आणि माझ्याबद्दल मात्र साऱ्या कॅम्पात सांगत फिरली की सुली माझ्यासाठी त्या मशीनशी किती भांडली, पार रडायला आली होती. लोक मला येऊन सांगायचे, ताई, तुमच्यासारखी मैत्रीण पाहिजे. मी म्हणायचे, छे हो, त्यात काय.

इथेच संपलं असतं तर — नाही, तरीही ते काही लहान नव्हतं. पण यापुढचं जास्त वाईट आहे. सांगते.

मनीषा बारावी झाली. अभ्यासू पोरगी. नर्सिंगला नंबर लागला. शाळेतल्या मॅडमनी सांगितलं की बँकेत जा, शिक्षणासाठी कर्ज मिळतं, तुझे मार्क चांगले आहेत. कुंदा एका सकाळी माझ्याकडे आली. मी मटार सोलत बसले होते. ती न सांगता शेजारी बसून सोलायला लागली. दोन-चार शेंगा सोलल्या. मग तिनं विचारलं, "सुले, आईचं नाव लाल असलं तर ते पोरीला लागतं का गं?"

तेव्हा मला कोणाची भीती होती? बढती होऊन गेली होती. निवृत्ती जवळ आली होती, मुलगा कमवायला लागला होता. मशीनही नवं आलं होतं, जुन्यातलं कोण बघतंय? एक वाक्य बोलायचं होतं — कुंदे, तुझं नाव लाल नव्हतंच कधी. माझं त्यात काय गेलं असतं? तिच्या नजरेत मी होते ना, तिच्यासाठी भांडलेली, तेवढीच फक्त गेली असती. मी मनात दोन्ही पारडी धरली. एकात मनीषाचं नर्सिंग आणि एकात ती मी.

मी म्हणाले, "आजकाल सगळं एकमेकांना जोडलेलं असतं गं. सांगता येत नाही."

कुंदानं मान डोलावली. "मला वाटलंच व्हतं," म्हणाली. सगळे मटार सोलून झाल्यावर तिनं सालं पिशवीत भरली, गल्लीतल्या गाईला घालते म्हणून घेऊन गेली. मनीषा बँकेत गेलीच नाही. उगाच पोरीचंही नाव लाल करून घ्यायचं कशाला, असं आईनं तिला समजावलं. ती अंबडला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगला लागली. पहाटे कंपनीची बस गाठायला ती निघायची, तेव्हा मी फिरायला जायचे. 'गुड मॉर्निंग, मावशी,' म्हणायची. मी तिला डब्यात काय आहे विचारायचे.

गेल्या वर्षी त्या कारखान्यात पॅकिंगलाही मशीन आलं. ठेकेदारानं बायका कमी केल्या, त्यात मनीषा. त्यानंतर काही दिवसांनी माझ्या मोबाइलवर फोन आला. एका बाईचा गोड आवाज, रेकॉर्ड केलेला. मनीषा यांचा हप्ता थकला आहे, तुम्ही त्यांच्या परिचित आहात, त्यांना भरायला सांगा. मी सवयीनं विचारलं, "कोण बोलतंय?" आवाज पुन्हा पहिल्यापासून तेच बोलायला लागला. मी ओरडले सुद्धा त्याच्यावर. त्याला काय फरक पडतो? कॅम्पात किती जणांना तो फोन गेला, देव जाणे. बेकरीवाल्यालाही गेला होता.

पोरीनं मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमधून कर्ज घेतलं होतं, आणि तिच्या मोबाइलमधले सगळे नंबर त्या ॲपनं उचलले होते. व्याज इतकं की मला आकडा दोनदा विचारावा लागला, आणि मी जन्मभर व्याजातच बसलेली बाई. बँकेत का गेली नाही? कशी जाईल! आईचं नाव लाल. ॲप कोणाची आई विचारत नाही.

मागच्या रविवारी कुंदाकडे गेले होते. तिची नजर आता अधू झालीय, पण थालीपीठ अंदाजानं असं थापते की काय सांगू. ती आत स्वयंपाकघरात होती. मनीषा माझ्यासमोर खाली बसली, गुडघ्यांभोवती हात घालून. म्हणाली, त्या ॲपच्या जाचातून सुटायला शेवटी हिंमत करून ती एका बँकेत गेली होती. तिथल्या साहेबांना तिनं आधीच सांगून टाकलं, माझ्या आईचं नाव खराब आहे. साहेबांनी विचारलं, कधी कर्ज बुडवलंय का त्यांनी? नाही. कधी घेतलं तरी होतं? नाही. ते हसले म्हणे. म्हणाले, मग खराब कसं होईल? आणि असलं तरी तुम्हाला त्याचं काय?

"मावशी," मनीषा हळू आवाजात म्हणाली, "आईला तेव्हा खरंच लाल आला होता का हो?"

मी तोंड उघडलं. म्हणाले, "तेव्हाची सिस्टीम वेगळी होती गं —"

ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे कुंदासारखे नाहीत, वडिलांवर गेलेत. ती रागावली नाही. ओरडली नाही. मला वाटतं, हिशेब करत होती — नर्सिंगचा, अंबडच्या पहाटेच्या बसचा, त्या फोनवरच्या गोड आवाजाचा. माझी मान आपोआप खाली गेली आणि तिला जे कळायचं ते कळलं.

मग ती म्हणाली, "आईला सांगू नका. तिला तुम्ही एकच आहात."

हे मी सुटका म्हणून लिहीत नाही. ती पोरगी तिच्या आईला सांभाळत होती, मला नाही. आणि खरं सांगू का — ती तसं म्हणाली तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. तेही मी लपवणार नाही.

कुंदा ताट घेऊन बाहेर आली. "काय चाललंय मावशी-भाचीचं?" तिनं विचारलं.

"काही नाही," मनीषा म्हणाली.

थालीपिठावर लोण्याचा गोळा होता. मी एक खाल्लं. मग दुसरं. कुंदानं हातानं चाचपून माझं ताट रिकामं झालंय का ते बघितलं आणि तिसरं वाढलं. मी नको म्हणाले नाही.